डोळ्यामागची सुपारी

बोर्ली पंचतन
९ नोव्हेंबर २०२४

प्रिय गौरीताई,

ओंकारची मूठ माझ्या डाव्या डोळ्यावर बसली, त्या क्षणी माझं सगळं बदललं. आधीचा विहंग वेगळा, नंतरचा वेगळा. मध्ये ती एक मूठ.

तू म्हणशील, हा फोन करायचा सोडून कागद का खरडतोय? माझा फोन खाडीत आहे. मीच भिरकावला. आईच्या फोनवरून बोलावं तर ती स्पीकर लावते. मग आई, बाबा आणि शेजारची ठमीकाकू मिळून तुझ्याशी बोलतात, मी आपला बाजूला. म्हणून ही चिठ्ठी ओल्या सुपारीच्या पिशवीत घालून मुंबईच्या गाडीवरच्या मोरूमामांकडे देतोय. तूही उत्तर त्यांच्याकडेच दे.

तर भाऊबीज. ओंकार न्हावा शेव्याहून सुट्टी घेऊन आला होता, आणि ओवाळणारी बहीण जेट्टीवर माझ्यासोबत बसलेली. प्रणाली. हो ताई, तीच. दोन वर्षं झाली. ओंकार म्हणजे माझा बालवाडीपासूनचा बाकावरचा सोबती, आणि मी त्यालाच सांगितलं नव्हतं. तो आला, माझा फोन हिसकावून त्यातले फोटो बघितले आणि म्हणाला, "भाड्या, माझ्या घरी जेवलास ना तू?" मी म्हटलं, "जेवलो. म्हणून तर तिथलीच मुलगी मागतोय." मग फोन त्याच्या हातून ओढला, "घे, पुसून टाक," म्हणत पाण्यात टाकला आणि पहिला हात मीच उचलला. माझा हवेत गेला. त्याचा नाही गेला.

आता डोळा बाहेर आलाय. सुजलाय असं म्हणत नाही, बाहेर आलाय. आरशात बघायला गेलं की डावा डोळा उजव्याच्या आधी पोचतो. मागून ठणकतो. एकाचे दोन दिसतात. इथल्या डॉक्टरांनी थेंब दिले, गोळ्या दिल्या. तो तसाच.

बाबा पोलिसात निघाले होते. गावकी बसली. कोंडाजी आजा म्हणाला, "हरी, पोलिसात ग्येलास तं त्या पोराची नोकरी जायाची आन तुज्या पोराचा डोला काय परत येयाचा न्हाय. गावाचं गावात मिटवा." निवाडा झाला: मी बरा होईपर्यंत ओंकारने आमची वाडी उतरवून द्यायची. सुपारी, नारळ, सगळं. तसा तो आता सुट्टी वाढवून रोज सकाळी येतो, पायात फास अडकवतो आणि चढतो. माझ्याकडे बघत नाही. मीही ओटीवर पाठ करून बसतो.

तू डोळ्यांच्या हॉस्पिटलात आहेस म्हणून विचारतो. हा आत जाईल ना?

विहंग

*

परळ
१४ नोव्हेंबर

चि. विहंग यास,

पिशवी मिळाली. मला वाटलं मावशीने फराळ पाठवला. उघडते तर हे.

इंजिनीअरिंग दुसऱ्या वर्षात सोडलंस, का तर सर चारचौघांत बोलले. आता फोन सोडलास. यापुढे काय काय सोडणार आहेस त्याची कल्पना देऊन ठेव.

चेष्टा पुरे. मी डॉक्टर नाही. मी चष्म्याचे नंबर काढते आणि डोळा खोबणीतून किती पुढे आलाय ते पट्टीने मोजते. पण रोज डोळेच बघते. ठोसा बसला की डोळा काळानिळा होतो, सुजतो, आणि मग हळूहळू उतरतो. तुझा आठवडा झाला तरी तसाच आहे, हे मला पटत नाही. मागे काहीतरी आहे. आमच्या मॅडम नुसतं खोबणीचंच काम करतात. सोमवारी ये, मी नंबर लावून ठेवते.

दोन गोष्टी. गेल्या एक-दोन वर्षांतले तुझे फोटो आण. डोळा कधीपासून पुढे आहे ते फोटोत दिसतं, माणसाला स्वतःला कळत नाही. आणि नीट आठवून सांग: त्या मारामारीच्या आधी डोळ्यामागे ठणका, डोकेदुखी, एकाचे दोन दिसणं, यातलं काही होतं का? मॅडम हेच विचारतील. त्यांचं पुढचं सगळं त्या उत्तरावर ठरतं.

प्रणालीबद्दल समोर आलास की बोलू. मुलगी चांगली आहे. तुझ्यात काय बघितलं देव जाणे.

गौरीताई

*

बोर्ली पंचतन
३ डिसेंबर

ताई,

रागावू नकोस. मी पळून आलो हे खरं.

मॅडमनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की आधी काही नव्हतं, ठोशानंतरच सगळं झालं. त्यांनी लिहून घेतलं. त्या बोगद्यासारख्या मशीनमध्येही मी गप पडून राहिलो. पडद्यावर त्यांनी ती गाठ दाखवली. डोळ्याच्या मागे, खोबणीत, सुपारीएवढी. रक्त साकळून राहिलेलं असेल किंवा दुसरं काही असेल, तुकडा काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, असं म्हणाल्या. ऑपरेशनची तारीखही दिली. त्याच संध्याकाळी तुझ्या फोनवर बाबांचा फोन आला आणि तू म्हणालीस, घे, तुझ्याशी बोलायचंय. बाबा काय म्हणाले ते मी तुला सांगितलं नाही. आता सांगतो.

रावजी, म्हणजे प्रणालीचे वडील, आमच्या ओटीवर आले होते. चहा घेतला नाही. म्हणाले, "हरी, माझ्या पोराने तुझ्या पोराचा डोळा घालवला. आता याला मुलगी कोण देणार? मी देतो."

हेच रावजी, बरं का. मागे प्रणालीला बँकेतलं स्थळ आलं तेव्हा म्हणाले होते की कॉलेज सोडलेल्याला मी वाडीत राखणीलासुद्धा ठेवणार नाही.

मग मी थांबतो होय? पहिली गाडी धरली. माघात सुपारी फोडायचं ठरलंय. वाडीत सुपारीचे ढीग पडलेत, पण आमची ही एक फुटायला डोळा द्यावा लागला. दिला.

आणि ऐक, आता ऑपरेशन नको. इकडच्या एका डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, चार गोळ्या दिल्या. दोन दिवसांत डोळा आत! ठणका गेला. आईने देवीला नारळ वाढवला. ठमीकाकू म्हणते, "मुंबईवाल्यांना कापायचीच घाई." मॅडमना माझा नमस्कार सांग.

तुझा,
होणारा नवरदेव

*

परळ
९ डिसेंबर

गाढवा,

नमस्कार मी सांगितला नाही. मॅडमनी विचारलं, "तो सुपारीवाला मुलगा कुठे गेला?" मी मान खाली घातली.

ते इंजेक्शन स्टेरॉइडचं होतं. त्याने गाठ बरी होत नाही, दबते. कुठलीही दबते, वाईटातली वाईटही. तू इथे असताना मी बोलले नाही, आता लिहिते: मॅडमना एका जातीच्या कॅन्सरची शंका आहे. तोही या औषधाने काही दिवस दडून बसतो. मग तुकडा काढला तरी त्यात खरं रूप सापडत नाही. म्हणून आधी तुकडा आणि मग औषध, हा क्रम असतो. तू उलटा केलास.

आता डोळा आत गेलाय म्हणून खूश आहेस. गोळ्या संपल्या की तो परत येईल आणि येताना रागाने येईल. तुझ्यासारखाच आहे तो. ठणका सुरू झाला, रंग फिके दिसायला लागले, तर कोणाला न विचारता गाडीत बस. डोळ्याची नस एकदा दबून मेली की मी, मॅडम आणि तुमची देवी, तिघी मिळूनही ती जिवंत करू शकत नाही.

मावशीला यातलं काही सांगू नकोस. मीही सांगत नाही.

गौरीताई

*

बोर्ली पंचतन
३० डिसेंबर

ताई,

आला परत. तीन दिवस झाले. पापणी मिटत नाही.

काल आईने पूजेचं ताट समोर धरलं. उजवा झाकून बघितलं तर कुंकू विटेच्या रंगाचं. ओंकार झाडावर होता, तिथून माझ्याकडे बघत होता. पहिल्यांदाच बघितलं त्याने. उतरला, आणि मान फिरवून परसात गेला. तिथे तो ओकला.

मला भीती वाटतेय. हे फक्त तुला. उद्याच्या गाडीने निघतोय, चिठ्ठीच्या मागोमाग मीच येईन.

विहंग

*

परळ
२५ जानेवारी २०२५

चि. विहंग,

तुकड्याचा निकाल आला. आधी हे वाच आणि मग श्वास घे: कॅन्सर नाही.

जंतूही नाहीत. तुझ्याच शरीराने, कोणी न सांगता, डोळ्यामागे फौज गोळा केली आणि तिथे कोणी शत्रू नसताना लढाई मांडली. त्याला दाह म्हणायचं. हे फार कमी जणांना होतं. माझ्या नोकरीत मी अशी दोन-तीनच माणसं बघितली. तुकडा काढल्यावर सुरू केलेल्या गोळ्या काही महिने घ्यायच्या, एकदम नाही तर पायरीपायरीने कमी करायच्या. मनाने बंद करायच्या नाहीत. पुन्हा उठली तर दुसरं औषध आहे. रक्त आणि पोट तपासत राहायचं, कारण ही फौज कधीकधी दुसरीकडेही तळ ठोकते.

आता वाईट. नस दबली होती. मधे जे दिवस गेले त्यात काही नजर गेली, ती येणार नाही. समोर आणि वर बघशील तेव्हा एक दिसेल, खाली डावीकडे बघशील तेव्हा दोन. दोनातलं खरं कुठलं ते हळूहळू शिकशील. तोवर डावा झाकून बघ.

आणि तिसरं. मॅडम म्हणाल्या, गाठीत दोरखंडासारखे घट्ट धागे पडलेत, चटईसारखे विणलेले. असे धागे पडायला बरेच महिने लागतात. ही गाठ भाऊबिजेच्या कितीतरी आधीची आहे. ठोशाचा आणि तिचा काही संबंध नाही.

तू फोटो आणलास तो कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, चार वर्षांपूर्वीचा. मला तेव्हाच खटकलं होतं. काल मी माझ्या फोनमध्ये शोधलं. गेल्या शिमग्याला पालखी नाचवताना मी तुझा फोटो काढला होता. डाव्या बुबुळाखाली पांढरं दिसतंय, उजव्याखाली नाही. शिमगा, विहंग. मार्चमधला.

तेव्हा मी पुन्हा विचारते: आधी तुला खरंच काही होत नव्हतं? आणि हे ओंकारला सांगितलंस का?

गौरीताई

*

बोर्ली पंचतन
२ फेब्रुवारी

गौरीताई,

तू मला उलटतपासणीला उभं केलंस. कर.

तोंड भोपळ्यासारखं झालंय. झोप नाही. भूक अशी की आई भाकऱ्या थापते आणि मी तव्यावरूनच उचलतो. डोकं माझं आधीच गरम, त्यात या गोळ्या. परवा बाबांवर ओरडलो, कशावरून ते आता आठवतही नाही. तेव्हा हे पत्र रागाचं आहे असं समजून वाच.

होत होतं. गेल्या उन्हाळ्यापासून ठणकत होतं. पावसाच्या आधी वाडीत एका झाडावरून दुसऱ्यावर झोका घेतला आणि समोर दोन झाडं. धरलं ते झाड नव्हतंच. खाली पाल्याचा ढीग होता म्हणून वाचलो. घरी सांगितलं, पाय सटकला. मला वाटलं, चष्मा लागला असेल. चष्मेवाला आणि बेकार, मग तर रावजी दारात उभा करणार नाहीत.

आणि भाऊबिजेला मी पहिला हात उचलला आणि तो हवेत गेला असं लिहिलं होतं ना? तो का गेला सांगू? समोर दोन ओंकार उभे होते, ताई. मी भलत्याला मारलं. खऱ्याने मला मारलं.

म्हणजे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गाठीचं नाही, पण डोळा आधीच बिघडलाय हे माहीत होतं. गावकी बसली तेव्हा मी बोलणार होतो. पण सगळे माझ्याकडे असे बघत होते ना, जसं कॉलेज सोडल्यापासून कोणी बघितलं नव्हतं. आणि मग रावजी आले.

नाही सांगणार. तू म्हणशील पाप आहे. मग असू दे. तुला प्रणाली माहीत नाही. ती हसली की आधी खाली बघते. तिच्याशिवाय मला दोन डोळे असून करायचंय काय? ओंकारचं काय गेलं? चार झाडं चढतोय. उद्या मेहुणा होईल, मी त्याला आयुष्यभर पायाशी बसून वाढेन.

सोळाला सुपारी फुटतेय. तू ये. येणार नसलीस तर गप्प तरी राहा.

विहंग

*

परळ
११ फेब्रुवारी

विहंग,

मी येणार नाही. गप्प राहीन, कारण पेशंटचं दुसऱ्याला सांगायचं नाही असा आमचा नियम आहे. पण तुला तुझ्या चार झाडांचं काय झालंय ते सांगते.

शुक्रवारी ओंकार हॉस्पिटलात आला होता. मी ओळखलं नाही इतका वाळलाय. न्हावा शेव्याची नोकरी गेली त्याची, सुट्टी संपून किती दिवस झाले म्हणून काढून टाकलं. घरी बोललेला नाही. हिशेब न्यायला आला होता, तिथून इकडे. बाकावर बसेना, उभाच. म्हणाला, "ताई, माझा डावा घ्या."

मला कळलं नाही. मी म्हटलं, "काय घेऊ?"

"डोळा. रक्तगट आमचा एकच हाय, शाळेत तपासला होता. मी एका डोळ्याने चढतो झाडावर. चढून बघितलं, फडकं बांधून. जमतं."

विहंग, तो फडकं बांधून सुपारीवर चढला होता. तुमच्याच वाडीत, तू ओटीवर पाठ करून बसलास तेव्हा. त्याने झोकाही घेतला असेल. मी त्याला सांगितलं की जिवंत माणसाचा डोळा असा काढून बसवता येत नाही. तर म्हणाला, "पैसे लागत असतील म्हणून असं सांगताय." मी त्याला चहा पाजला. कप हातात धरून रडला. इतका मोठा माणूस मी असा रडताना कधी बघितला नाही. आणि माझ्या जिभेवर एक वाक्य होतं, तेवढं बोलले असते तर तो माणूस जागच्या जागी बरा झाला असता. नियम आहे म्हणून मी ते गिळलं. अजून उतरत नाहीये.

तुझ्या गाठीला औषध सापडलं. त्याच्या गाठीचं औषध तुझ्याकडे आहे.

गौरी

*

बोर्ली पंचतन
१८ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. शनिवारभर मी ओंकार चढताना बघत बसलो. फडकं नव्हतं, मी बघतोय म्हणून नसेल. मी हाक मारली, "ओम्या, उतर." त्याने वरूनच विचारलं, "का? कमी पडली काय?" मी उठून आत गेलो. हिंमत झाली नाही.

रविवारी आम्ही त्यांच्याकडे गेलो. आई नवी नऊवारी नेसलेली, बाबा इस्त्रीच्या सदऱ्यात. कोंडाजी आजा मधोमध. पाटावर ताट, ताटात पाच सुपाऱ्या, आमच्याच वाडीतल्या, ओंकारने उतरवलेल्या. तो दाराशी उभा होता, अडकित्ता हातात घेऊन. भावाने द्यायचा असतो म्हणे. मला वाटलं होतं, सुपारी फुटेल, मग उद्या सांगेन, लग्नानंतर सांगेन, मुलं झाल्यावर सांगेन. आणि ओंकार वाकून अडकित्ता माझ्यासमोर ठेवायला आला. खाली, डावीकडे. तर पुन्हा दोन ओंकार. ताई, दोघांचेही डोळे लाल होते.

बोललो मी. कसं ते विचारू नकोस, ओरडूनच बोललो बहुतेक, मला दुसरं येत नाही. गाठ आधीची आहे, डॉक्टरीण म्हणाली, मला माहीत होतं, मी भलत्या ओंकारला मारलं, सगळं एका दमात. आई म्हणत होती, "आरं, गोल्यांनी डोकं फिरलंय त्याचं, ऐकू नका."

कोंडाजी आजा म्हणाला, "म्हंजे गावानं निवाडा दिला तो फुकट? आमच्या तोंडाला पानं पुसलीस व्हय रे?"

ओंकार तसाच वाकलेला राहिला. मग खाली बसला. हसला की काय केलं कळलं नाही, आवाज हसल्यासारखा होता. एवढंच म्हणाला, "मी न्हाय ना केलं? माझ्याकडून न्हाय झालं?" मी म्हटलं, "नाही रे ओम्या." तो भिंतीला डोकं टेकून बसला, आणि मला वाटलं, हा आता झोपणार. खरंच झोपेल असा दिसत होता. नोकरीचं मी बोललो नाही. ते त्याचं आहे, त्याने सांगावं.

मग रावजींनी हात पुढे केला आणि ताट स्वतःकडे ओढून घेतलं. हळूच. राग नव्हता त्यांच्या तोंडावर, सुटका होती. "हरी, मग आपला विषय संपला," म्हणाले. "तब्येतीला जप म्हणावं पोराला."

प्रणाली माजघराच्या दारात आली होती. तांबडी साडी. डाव्या डोळ्याला ती विटलेली दिसली, उजव्याला लखलखीत. मला वाटलं, थुंकेल. ती म्हणाली, "मला माहीत होतं."

मी विचारलं, "काय माहीत होतं?"

"दिघीच्या लाँचमध्ये तू झोपला होतास. भाऊबिजेच्या कितीतरी आधी. उजवा मिटलेला, डावा अर्धा उघडा. मी हाताने मिटवला, परत उघडला. ठोशाने काही झालं नाही, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

ओंकारने डोकं उचललं. रावजी म्हणाले, "प्रणाली, आत जा."

ती आत गेली नाही. माझ्याशीच बोलत होती, हळू, जसं जेट्टीवर बोलायची. "दादाचे हाल मी रोज बघत होते. तरी गप्प बसले. बाबा दुसऱ्या कशानेही हो म्हणाले नसते. मी जन्मभर गप्प बसायला तयार होते, विहंग. तुला सोळा तारीख संपेपर्यंत गप्प बसवलं नाही?"

मग तिने ओंकारकडे बघितलं. तो तिच्याकडे बघत होता. ती खाली बघून हसली नाही, ताई. नुसतंच खाली बघितलं.

मला वाटायचं, चोर मी एकटा. दोघं होतो. आणि त्या घरात ओंकारला आणि तिला आता एकाच चुलीवरचं जेवायचं आहे.

कोणी मला जा म्हणालं नाही. थांबही म्हणालं नाही. आई रडत होती, बाबा चपला शोधत होते. मी उठलो. दाराशी आलो. कडी खाली, डावीकडे. दोन दिसल्या. डावा झाकायची गरज पडली नाही. खरी होती ती धरली, बाहेर पाऊल टाकलं आणि दार ओढून घेतलं.